मूळ, अर्थ, वापर

धुळ्या-जळगावात खपणाऱ्या एका छोट्या दैनिकात दर गुरुवारी सहाव्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी, नूतन बोरसेचं सदर यायचं. सदराचं नाव 'शब्दांची विचारपूस'. वाचकांनी एखादा इंग्रजी शब्द विचारायचा आणि नूतनने त्याचं उत्तर द्यायचं. उत्तराचे कायम तीन भाग: मूळ, अर्थ, वापर. ती धुळ्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायची, पण गावात तिला ओळखायचे ते या सदरामुळे. एकदा भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून कुणी विचारलं, आपण गाडीच्या डब्याला बोगी म्हणतो ते बरोबर का? तिने लिहिलं, इंग्लंडात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. अख्ख्या डब्याला बोगी आपणच म्हणायला लागलो, पण इतकी माणसं इतकी वर्षं म्हणतायत तर आता त्यांना चूक कोण म्हणणार? त्या उत्तरावर तिला चाळीस-पन्नास मेसेज आले. चाळीसगावच्या एका व्यापाऱ्याने तर फोन करून सांगितलं, "मॅडम, तुम्ही माणसाला कमीपणा न देता समजावता."

हे समजावणं तिने आबांकडून घेतलं होतं. तिचे वडील, रुपचंद बोरसे, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर म्हणून आले, तेव्हा त्यांना मॅट्रिकला इंग्रजीत छत्तीस मार्क होते. फॅक्टरीतली ड्रॉइंगं सगळी इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात टॉलरन्स हा शब्द अडला. साहेबाने सांगितलं, मापात किती फरक चालेल ते. आबांनी जळगावच्या फुटपाथवरून एक जुनी डिक्शनरी आणली आणि पाहिलं, तर त्याच शब्दाचा अर्थ सहनशीलता असाही होता. लोखंडाला आणि माणसाला एकच शब्द, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की तिथून पुढे त्यांना शब्दांचं वेडच लागलं. संध्याकाळी जेवताना ते नूतनला आणि तिच्या धाकट्या भावाला, नीलेशला, एक शब्द द्यायचे. अर्थ सांगायचे नाहीत. म्हणायचे, "शोधा." नीलेश पळून जायचा. नूतन हात धुऊन डिक्शनरी काढायची.

सदर सुरू झाल्यावर आबांनी एक वही केली. दर गुरुवारी कात्रण कापून त्यात चिकटवायचं आणि बरोबर साडेसातला नूतनला फोन करायचा. "आज मूळ चांगलं होतं, पण वापर कमी पडला. दोन वाक्यं तरी देत जा." सहा वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही. स्वतः मात्र त्यांनी कधी प्रश्न पाठवला नाही. घरच्या माणसाने विचारला तर लोक म्हणतील ठरवून केलं, असं त्यांचं म्हणणं.

फेब्रुवारीत त्यांचं पोट दुखायला लागलं. जेवण सुटलं, डोळे पिवळे दिसायला लागले. नीलेशने त्यांना जळगावला दाखवलं. रिपोर्ट आले त्या दिवशी नूतनही धुळ्याहून आली. डॉक्टरांनी दोघा भावंडांना आत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, पसरलेला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. तीन महिने, फार तर चार. "त्यांना सांगा," डॉक्टर म्हणाले, "शहाणा माणूस आहे."

बाहेर बाकावर आबा डॉक्टरांच्या दारावरची पाटी वाचत बसले होते. नीलेशने नूतनचा हात धरून तिला जिन्यापाशी नेलं.

"त्यांना सांगायचं नाही."

"डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टरचं जाऊ दे. आईला सांगितलं होतं आपण. काय झालं? त्याच दिवशी तिने अंथरूण धरलं ते परत उठली नाही. आबांचं तसं नाही होऊ देणार मी. तू शब्द दे मला, ताई."

नीलेश रडत होता. पस्तिशीचा, दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर जाणारा, अंगाने दणकट भाऊ असा जिन्यात रडताना तिने कधी पाहिला नव्हता. तिने शब्द दिला. बाकाशी परत येऊन तिने आबांना सांगितलं, अल्सर आहे, तीन महिने गोळ्या आणि पथ्य. आबा म्हणाले, "बरं." मग विचारलं, "अल्सर ग्रीक का लॅटिन?" नूतन म्हणाली, लॅटिन. तेवढं तरी खरं होतं.

मार्चच्या मध्यावर, सोमवारी, पेपरच्या कचेरीतून नेहमीचं खाकी पाकीट आलं. प्रश्न आता बहुतेक मोबाईलवर यायचे. पाकिटात तीनच पोस्टकार्डं होती. तिसरं हातात घेतलं आणि ती उभीच राहिली. कार्डावर मधोमध, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, एक शब्द होता: पॅलिएटिव्ह. प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं, जणू पट्टी लावून काढलेलं, ड्रॉइंगवर काढतात तसं. खाली मराठीत लिहिलं होतं: 'या शब्दाचे मूळ, अर्थ व वापर कृपया कळवावा. एक वाचक, दीपनगर.'

ती अक्षरं तिने शाळेच्या प्रत्येक वहीच्या कव्हरावर पाहिली होती. नाव, इयत्ता, विषय, सगळं आबाच घालून द्यायचे.

तिने नीलेशला फोन लावला. त्याने घरी सारिकाला, आपल्या बायकोला, विचारलं आणि उलटा फोन केला. फाईल कपाटावर लपवलेलीच होती. पण दवाखान्याचं एक छोटं कार्ड, वेदनेच्या गोळ्या आणायला लागायचं ते, सारिकाकडून गोळ्यांच्या डब्यात राहून गेलं होतं. त्यावर शिक्का होता. शिक्क्यात तो शब्द होता.

"तू दुसराच शब्द घे," नीलेश म्हणाला. "कार्ड मिळालंच नाही म्हण."

"नीलेश, आबा आहेत ते."

"म्हणून तर."

तीन दिवस तिने काही लिहिलं नाही. मग लिहायला बसली तेव्हा मूळ अगदी सहज आलं. लॅटिनमध्ये पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, शाल, पांघरूण. अर्थ: पांघरूण घालणारं, त्रास हलका करणारं, आराम देणारं. पूर्वी इंग्रजीत एखाद्याचा दोष झाकण्यालाही याच धातूचं क्रियापद वापरत. मग वापर. तिथे तिचा हात थांबला. बरा न होणाऱ्या रोग्याला नुसता आराम देण्याचं, दवाखान्याचं वाक्य तिने दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा खोडलं. शेवटी लिहिलं: 'पाणीटंचाईवर टँकर हा पॅलिएटिव्ह उपाय आहे.'

पुढच्या गुरुवारी साडेसातला फोन वाजला.

"मूळ छान होतं," आबा म्हणाले. आवाज खोल गेला होता. "पांघरूण. हे मला ठाऊक नव्हतं."

"आणि वापर?"

"वापर तू टँकरचा दिला." तिला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. "ठीक आहे. टँकरलाही चालत असेल."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरं कार्ड आलं. अक्षरं तीच, पण ओळी आता उजवीकडे खाली उतरत होत्या. 'उत्तराबद्दल आभार. मात्र हा शब्द डॉक्टर लोक कोणत्या रोग्याबाबत वापरतात, आणि वापरल्यानंतर साधारण किती दिवस असतात, याचा खुलासा राहून गेला. एकोणीस तारखेला आखाजी आहे. त्याआधीच्या गुरुवारी छापता आल्यास बरे होईल. एक वाचक, दीपनगर.'

नूतनने ते कार्ड नवऱ्यापुढे ठेवलं. कुंदन शाळेत विज्ञान शिकवायचा, मोजकं बोलायचा. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"उत्तर पेपरात कशाला? तू वरणगावला जा. आज जा."

"नीलेशला शब्द दिलाय मी."

"आणि हे कोण विचारतंय?"

ती गेली नाही. परीक्षेची ड्यूटी होती, ती बदलून मिळाली असती. पेपर तपासायचे होते, ते बसमध्येही तपासता आले असते. खरं म्हणजे आबांसमोर बसून ते वाक्य तोंडातून काढायची तिला भीती वाटत होती. आणि आखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं, त्यात काय, हा विचार तिने पुरता केलाच नाही. त्या गुरुवारी सदरात प्लॅटफॉर्म हा शब्द छापून आला.

साडेसात वाजले, आठ वाजले. फोन आला नाही. नऊला तिने सारिकाला लावला.

"आबांनी पेपर दोनदा मागितला, ताई," सारिका म्हणाली. "सहावं पान उलटून पाहिलं, सातवं पाहिलं. पान गळालं का विचारलं. मी म्हटलं, नाही आबा, पूर्ण आहे. मग चष्मा काढून उशाशी ठेवला."

शनिवारी दुपारी नूतन वरणगावला पोचली. ओट्यावर खाट टाकली होती आणि आबा भिंतीला टेकून फोनवर बोलत होते. त्यांचा शर्ट त्यांना आता दुसऱ्याचा वाटावा इतका मोठा होत होता. पलीकडे कोण आहे ते तिला बोलीवरूनच कळलं. आबा अहिराणीत बोलायचे ते एकाच माणसाशी, ताईबाईशी. ताईबाई त्यांची धाकटी बहीण, नूतनची फुई. आईवडील गेल्यापासून आबांचं घर हेच तिचं माहेर. दर आखाजीला ती शिंदखेड्याहून यायची. अंगणातल्या लिंबाला आबा स्वतः झोका बांधायचे, आणि साठी उलटलेली फुई त्यावर बसून पोरींसारखी गाणी म्हणायची.

"नको यू ताई आवंदा," आबा सांगत होते. "मनं पथ्य चालू शे. तू येशी आनि मी खाटवर पडेल, काय मजा? दिवाईले ये. तवलोंग बरा व्हई जासू मी."

नूतन हातात पिशवी घेऊन पायरीवरच थांबली. आबांनी फोन ठेवला आणि तिला पाहिलं.

"फुईला येऊ नको म्हणालात?"

"हो. डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत ना. अल्सर बरा होऊ दे, मग बोलावू." आणि ते तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. लहानपणी शब्द देऊन ते जसे वाट बघायचे तसे. सारिका आतून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली, तरी ते बघतच होते.

"हो आबा," नूतन म्हणाली. "दिवाळीला बोलावू."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. सारिकाने पुरण घातलं, माठाची पूजा झाली, गल्लीत पोरींची गाणी सुरू झाली. नीलेश सकाळपाळीवरून यायचा होता. लिंबाची फांदी रिकामीच होती. नूतन खाटेशेजारी पाटावर बसली होती. तिला रात्रभर झोप लागली नव्हती, आणि आता गप्प बसणंच तिला जास्त जड झालं.

"आबा, दीपनगरचं कार्ड तुमचं होतं."

"ओळखलं तू."

"पहिल्याच दिवशी."

"वाटलंच मला." ते हसल्यासारखे झाले.

"घरात डिक्शनरी आहे. तुम्हाला अर्थ माहीत होता."

"अर्थ माहीत होता. पण दिवस किती, ते डिक्शनरीत नसतं." त्यांनी घोटभर पाणी मागितलं, प्यायले. "नीलेशला विचारलं असतं तर तो मोडला असता. आईच्या वेळचं त्याच्या मनातून जात नाही. मला वाटलं तुला विचारावं, आणि तुला समोरासमोर जड जाईल म्हणून पेपरातून विचारावं. लिहिताना तू खोटं लिहीत नाहीस."

"मी खोटं नाही लिहिलं, आबा."

"नाही. अर्धं लिहिलं."

नूतनने खाटेच्या कडेला डोकं टेकलं. आबांचा हात तिच्या केसांवर आला. हाताला वजनच राहिलं नव्हतं.

"सांग आता. किती?"

"फेब्रुवारीत तीन-चार महिने म्हणाले होते."

आबा बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागले आणि मध्येच थांबले. गल्लीतलं गाणं भिंतीपलीकडून जवळ येऊन पुढे गेलं.

"मग ताईला बोलवायला हवं होतं," ते म्हणाले.

नूतनने तिथेच फोन लावला आणि आबांच्या कानाशी धरला. फुईचा आवाज मोठा, तो नूतनलाही ऐकू येत होता. भाऊ नको म्हणाला, तेव्हा ती काल संध्याकाळच्याच गाडीने सुरतेला गेली होती, मुलाकडे, नवलकडे. नवलच्या साडूकडे दोन तारखेला लग्न होतं.

"लगीन व्हयनं का तीन तारीखले निंघस, भाऊ," फुई म्हणाली. "काय घाई शे? तूच सांगं ना, दिवाईले ये म्हनीसन!"

नूतनने फोन स्वतःकडे घ्यायला हात पुढे केला. आबांनी मान हलवून नको म्हटलं. "काही घाई नही. सवडीखाल ये," ते बहिणीला म्हणाले, आणि फोन नूतनकडे दिला.

"आबा, सांगू द्या मला तिला."

"लग्नघरात आहे ती. सांगितलं तर एवढ्या लांबून गाडीत एकटी रडत येईल. चौदा दिवसांचा प्रश्न आहे. थांबतो मी."

जणू ते त्यांच्या हातात होतं. आणि नूतनने तेही ऐकलं. आता एकदा त्यांचं म्हणणं मोडायचं नाही, असं तिला वाटलं; आणि कितीही दिवस उलटले तरी आपण तेव्हा कुणाचं ऐकायला हवं होतं, हे तिला ठरवता आलं नाही.

दुपारी नीलेश आला तेव्हा आबांनीच त्याला जवळ बोलावून सांगितलं, की मला कळलंय, आता लपवाछपवी पुरे. नीलेश ओट्यावरून उठून परसात गेला आणि बराच वेळ आला नाही. नूतनवर तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

तिने कॉलेजातून रजा घेतली. दहा दिवस ती आबांच्या खाटेशेजारी होती. पहिले चार दिवस ते बोलले, पुष्कळ बोलले. आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने डोक्यावर पाण्याच्या दोन कळशा घेतल्या होत्या आणि त्यांना वाट दिली नव्हती, हे तिला पहिल्यांदाच कळलं. एकदा म्हणाले, "राहिलेला वापर छाप. लोक कात्रणं ठेवतात, त्यांच्याकडे अर्धं राहू नये." ती हो म्हणाली. त्यांच्या उशाशी बसून तिने कागद घेतला, एक वाक्य लिहिलं, आणि त्या वाक्यात खाटेवरचा माणूस आला म्हणून कागद चुरगळला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. पाचव्या दिवसापासून गोळ्यांचा डोस वाढवावा लागला. मग आबा झोपलेलेच असायचे. जाग आली की दाराकडे बघायचे आणि विचारायचे, "तीन तारीख झाली का?"

एकोणतीस तारखेला, बुधवारी, सकाळी अकरा वाजता ते गेले. सारिका ओठांना पाणी लावत होती. नूतन पाय चेपत होती. काही घडल्यासारखं वाटलंच नाही. फक्त दोघींचे हात एकदम थांबले.

फुईला नवलने काही सांगितलं नाही. भाऊला बरं नाही, चल, एवढंच म्हणून त्याने तिला मिळेल त्या पहिल्या गाडीत बसवलं. भुसावळ स्टेशनवर नीलेशच्या मित्राने तिला उतरवून घेतलं तेव्हा तिच्या हातात बर्फीचा डबा होता, लग्नघरातला. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, माणसं दिसली, आणि तिच्या हातून डबा तिथेच पडला.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आबांना नेलं. सगळे बाप्ये गेल्यावर घरात बायकाच उरल्या. फुई रडायची थांबली होती. लिंबाखाली, मातीत, ती पाय पसरून बसली होती. नूतन तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुले मालूम व्हतं?" फुईने विचारलं.

"हो."

"कव्हयपासून?"

खोटं बोलता आलं असतं. आठ दिवसांपासून, असं म्हणता आलं असतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला एवढं सहज जमतं.

"फेब्रुवारीपासून."

फुईने आपले दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. बोटांच्या पेरांत अजून पिठाची पांढरी रेघ होती.

"मी तठे पापड लाटत व्हतू, नूतन," ती म्हणाली. "बठ्ठा दिन पापड लाटत व्हतू."

नूतनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. फुईने तो उचलला, हळूच, चिडून नाही, आणि नूतनच्या मांडीवर परत ठेवून दिला.

तेरावं झाल्यावर नीलेश फुईला शिंदखेड्यापर्यंत गाडी करून द्यायला तयार होता. तिने ऐकलं नाही, एसटीनेच जाते म्हणाली. स्टँडपर्यंत नूतन तिची पिशवी घेऊन चालली. वाटेत फुई सारिकाच्या पोराबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली, आबांबद्दल एक शब्द नाही. धुळ्याची बस लागली. फुईने पायरीवर चढून मागे हात केला, पिशवी घेतली, आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीपाशी बसली. कंडक्टरने दार ओढलं. नूतन बसला वळसा घालून त्या बाजूला गेली, पण तोवर बस निघाली होती.